आबांचा वस्तरा, सलूनमधले अर्धे ब्लेड की सेफ्टी रेझर : शिकायला सुरुवात कशाने करावी?

प्रश्न : चोपड्याचा गणित मास्तर

सर्वांना नमस्कार. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत चोपड्याच्या आमच्या जुन्या धाब्याच्या घराची मागची खोली उतरवली, तेव्हा पत्र्याच्या पेटीत आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, वस्तरा सापडला. आबा भुसावळला रेल्वेत नोकरीला होते. आमच्या गावात त्या काळी नाभिक धोकटी घेऊन दारी येत असत आणि वर्षाच्या बलुत्यात दादर ज्वारी घेऊन जात असत, परंतु आबांना पहाटेच्या गाडीची ड्युटी असल्याने ते स्वतःची दाढी स्वतःच करीत. वस्तऱ्याच्या दांड्यावर सोलिंगेन आणि जर्मनी अशी अक्षरे अजून वाचता येतात. पाते साधारण १९ मिलिमीटर रुंद आहे. पाठीकडच्या भागावर गंजाचे तपकिरी डाग आहेत, धार मात्र नुसत्या डोळ्यांना सरळ दिसते. मूठ शिंगाची असावी, कारण तिच्या एका बाजूला किडीने खाल्ल्याच्या खुणा आहेत.

मी सध्या तीन पात्यांच्या कार्ट्रिजने दाढी करतो. गळ्यावर दर वेळी लाल पुटकुळ्या येतात आणि काही केस कातडीच्या आतच वाढतात. एकच पाते वापरल्यास हा त्रास कमी होतो, असे ऐकले आहे. माझा विचार असा की आधी सलूनमध्ये असतो तसा अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा घेऊन हात बसवावा आणि मग आबांच्या वस्तऱ्याकडे वळावे. हा क्रम योग्य आहे का? आबांच्या वस्तऱ्याला आमच्या गल्लीत सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडून धार लावून घेतली तर चालेल का? आणि आमच्याकडे बोअरचे पाणी जड असल्याने साबणाचा फेसच टिकत नाही, त्यावर काही उपाय आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : धुळेकर निवृत्त

मास्तर, सर्वांत आधी एक विनंती. तो वस्तरा धारवाल्याच्या हाती कृपया देऊ नका. विळी, कात्री आणि कोयता यांच्यासाठी त्याचे चाक उत्तम आहे. परंतु वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की फिरत्या कोरड्या दगडावर ती क्षणात तापते आणि पोलादाला लोहाराने दिलेले पाणी उतरते. धारेवर निळसर झाक दिसली की तेथील पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून मऊ पडले, असे समजावे. एवढा भाग घासून काढल्याशिवाय त्या जागी पुन्हा धार धरत नाही, आणि घासून काढायचे म्हटले तर पाते अरुंद होते. माझ्या वडिलांचा एक वस्तरा मी असाच गमावला आहे, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहितो.

वस्तऱ्याला धार लावण्याची युक्ती त्याच्या घडणीतच दडलेली आहे. पाते दगडावर आडवे ठेवले की जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. त्यामुळे कोन हाताने सांभाळावा लागत नाही, तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून आपोआप ठरतो. तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, तेव्हा हिशेब करून पाहा : १९ मिलिमीटर रुंदी आणि साडेपाच मिलिमीटर जाडीची पाठ धरली तर धारेचा कोन साडेसोळा अंशांच्या आसपास निघतो. पाठ बेहिशेबी घासली गेली की हा कोन बदलतो, म्हणून काही जण घासताना पाठीवर वायरमनची चिकटपट्टी लावतात. आधी १००० क्रमांकाच्या दगडावर दोन्ही बाजू धारेपाशी नीट मिळवून घ्यायच्या, मग ५००० ते ८००० आणि शेवटी १२००० क्रमांकाच्या बारीक दगडावर जायचे, असा हा प्रवास आहे. हे काम पहिल्याच वर्षी स्वतः करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला धड धार म्हणजे काय हे गालावर अनुभवून ठाऊक नाही, त्याला दगडावरचे काम कोठे थांबवायचे हे कळणार नाही. एकदा जाणत्या माणसाकडून धार लावून घ्या. रोज चामड्यावर नीट घासला तर तो वस्तरा काही महिने सहज चालतो.

आता गंजाविषयी. पात्याच्या पोटावरचे किंवा पाठीवरचे डाग हे केवळ दिसण्याचे दुखणे आहे. शिलाई मशीनचे तेल लावून एक रात्र ठेवावे आणि अगदी बारीक पॉलिश पेपरने, पाण्यात किंवा तेलात भिजवून, हलक्या हाताने घासावे. धारेलगत गंजाने खड्डे पाडले असतील तर मात्र प्रकरण अवघड आहे, कारण घासत जावे तसे नवे खड्डे धारेवर उघडे पडतात. धारेवरून कापसाचा बोळा अलगद फिरवून पाहा. तंतू अडकला तर तेथे कपची उडालेली आहे किंवा बारीक चीर गेलेली आहे. चीर गेलेले पाते कितीही सुंदर असले तरी कपाटातच ठेवावे.

चामड्याच्या पट्ट्याविषयी थोडे लिहितो, कारण नवशिके येथेच वस्तरा बिघडवतात. दगडावर धार पुढे ठेवून पाते सरकवतात. पट्ट्यावर याच्या बरोबर उलट, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाशी आल्यावर पाते धारेवरून उलटायचे नाही, पाठीवरून उलटायचे. पट्टा ताणलेला हवा. तो सैल पडला किंवा पाठ जरा जरी उचलली गेली, तर जी धार सरळ करायची तीच गोल होते. जाड सुती पट्टीवर वीस-पंचवीस आणि चामड्यावर पन्नास फेऱ्या पुरतात. सुरुवातीला या पन्नास फेऱ्यांना दहा मिनिटे लागली तरी लागू द्यावीत. चित्रपटात दाखवतात तशी घाई करणारा माणूस पट्टाही कापतो आणि धारही घालवतो.

तुमच्या क्रमाविषयी मात्र माझा मतभेद आहे. अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा ही खऱ्या वस्तऱ्याची बालवाडी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. दिसायला दोन्ही सारखे असले तरी हाताला ती दोन वेगळी हत्यारे लागतात. ब्लेडची जाडी एक दशांश मिलिमीटर, त्याचे कोपरे टोकदार आणि मूठ हलकी. त्यामुळे हाताचा जरासा जास्त दाब पडला तरी ते लगेच चावते. खरा वस्तरा स्वतःच्या वजनाने चालतो, त्याचे टोक गोलसर केलेले असते आणि कोन चुकला तर बहुतेक वेळा तो कापण्याऐवजी आधी ओढतो, म्हणजे सावध करतो. मी स्वतः थेट वस्तऱ्यापासूनच शिकलो आणि मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

उत्तर २ : शहाद्याचा सलूनवाला

धुळेकर काकांनी धारेविषयी लिहिलेले सर्व मान्य. परंतु अर्ध्या ब्लेडला त्यांनी जरा जास्तच बदनाम केले, असे वाटते. आमच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. वडिलांनी मला शिकवताना पहिले आठ दिवस वस्तऱ्यात ब्लेड बसवूच दिले नाही. फुग्यावर फेस लावायचा, ब्लेड नसलेल्या वस्तऱ्याने तो काढायचा, आणि नवव्या दिवशी ब्लेड बसवून तेच करायचे. फुगा फुटला की वडील एवढेच म्हणत, ‘कसाले घाई करस?’ दिवसाला पाच-सहा फुगे फुटत. फुगे स्वस्त आहेत, मास्तर, गाल नाही.

अर्ध्या ब्लेडचा मोठा फायदा असा की धार, दगड, पट्टा ही सगळी विद्या बाजूला ठेवून फक्त हाताकडे लक्ष देता येते. दाढी बिघडली तर चूक धारेची की हाताची, हा प्रश्नच उरत नाही. ब्लेड कागदाच्या वेष्टनातच मधोमध दुमडून मोडावे, उघड्या ब्लेडला बोटे लावू नयेत. वस्तऱ्यात बसवल्यावर त्याची कड दोन्ही टोकांना सारखीच बाहेर आली आहे ना, हे उजेडात पाहावे. एक कोपरा जास्त बाहेर राहिला तर रेघ ओढल्यासारखी जखम होते.

आणखी एक गोष्ट सांगतो. समोरच्याची दाढी करणे आणि स्वतःची करणे यांत फार अंतर आहे. बावीस वर्षांच्या धंद्यानंतरही मी स्वतःच्या डाव्या गालावर वस्तरा धरताना थांबून विचार करतो, कारण आरशात दिशा उलटी दिसते आणि स्वतःचाच हात डोळ्यांआड येतो. डाव्या गालासाठी डावा हात वापरण्याची सवय पहिल्या दिवसापासून केली तर पुढे सोपे जाते.

आता मूळ मुद्दा. शंभरातले ऐंशी काम मोकळ्या हाताचे असते, म्हणजे ज्या हातात वस्तरा नाही त्या हाताचे. कातडी ताणलेली नसेल तर जगातला कोणताही वस्तरा नीट चालणार नाही. गाल काढताना कानाजवळची कातडी वर आणि मागे ओढावी, गळा काढताना मान मागे टाकून कातडी खाली ताणावी. बोटे फेसाने निसरडी झाली की त्यांना तुरटी चोळावी, पकड येते. वस्तरा गालाशी साधारण तीस अंशांत धरावा. पाठ आणि गाल यांच्यामध्ये पाठीच्या दोन जाड्यांएवढी फट राहिली की अंदाज बरोबर आला. लहान लहान ओढी घ्याव्यात, दोन बोटांएवढ्या. आणि एक नियम कधीही मोडू नये : पाते धारेच्या लांबीच्या दिशेने सरकू द्यायचे नाही. सुरीने टोमॅटो कापतो तशी ती हालचाल असते आणि खोल जखमा तिनेच होतात.

सलूनमध्ये दाढी करवून घेणाऱ्या सर्वांसाठी थोडे विषयाला लागूनच सांगतो. नवे ब्लेड आपल्यासमोर मोडून बसवायला सांगण्यात संकोच करू नये. हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस टिकतो. सर्वांना एकच तुरटीचा खडा फिरवण्याची पद्धतही याच कारणाने बरी नाही. आमच्या दुकानात आता तुरटीचे पाणी फवारतात. घरी वापरलेली ब्लेडे पत्र्याच्या डब्याला फट पाडून त्यात टाकावीत. तशीच कचऱ्यात टाकली तर घंटागाडीवरच्या माणसाचा हात कापतो.

उत्तर ३ : जळगावचा औषधवाला

दोघांच्या वादात मी तिसरेच नाव पुढे करतो : दोन बाजूंचे ब्लेड बसवायचा साधा सेफ्टी रेझर. मास्तरांचे खरे दुखणे पुटकुळ्यांचे आणि आत वाढणाऱ्या केसांचे आहे. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिले पाते केस किंचित ओढते आणि मागचे पाते तो कापते. कापलेला केस मग कातडीच्या पातळीखाली जातो आणि केस कुरळे असतील तर वाढताना आतल्या आतच वळतो. एकाच पात्याने, केसांच्या दिशेने, दाब न देता दाढी केली तर हा त्रास बहुतेकांचा कमी होतो. त्यासाठी वस्तराच हवा असे नाही.

हा दोन बाजूंच्या ब्लेडचा रेझर जन्मालाच आला तो धुळेकर काकांनी वर्णिलेल्या पट्ट्याच्या आणि दगडाच्या कटकटीतून. किंग कॅम्प जिलेट यांनी पत्र्यासारख्या पातळ पोलादाचे, धार गेली की फेकून द्यायचे पाते काढले. इतक्या पातळ पत्र्याला कडक पाणी देऊन टिकाऊ धार आणण्याचे अवघड काम विल्यम निकर्सन या अभियंत्याने केले. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे केवळ ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. लोकांना दाढी करायला शिकायचे होते, धार लावायला नव्हे, असा मी त्याचा अर्थ घेतो. आजही आपल्या बाजारात एक ब्लेड दोन-तीन रुपयांना मिळते आणि माझ्यासारख्याच्या राठ दाढीला चार-पाच वेळा पुरते.

मास्तरांनी महिना-दीड महिना या रेझरने दाढी केली तर तीन गोष्टी जवळजवळ विनाजखम शिकता येतील : फेस कसा करायचा, केस कोणत्या दिशेने वाढतात आणि हातातला दाब कसा सोडायचा. दोन दिवसांचे खुंट वाढू द्या आणि गालावरून, गळ्यावरून बोटे फिरवून दिशा पाहा. गळ्यावर बहुतेकांचे केस सरळ खाली वाढत नाहीत. कोठे आडवे, कोठे चक्क वरच्या दिशेने असतात, आणि पुटकुळ्या बहुधा तेथेच येतात. कार्ट्रिजने लागलेली दाबण्याची सवय सोडायला मला स्वतःला तीन आठवडे लागले. तीच सवय घेऊन वस्तरा हातात धरला असता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

पाण्याविषयी. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा साका बनवतात. फेसाऐवजी ब्रशवर दह्यासारखी कणी दिसते ती हीच. दाढीला एक तांब्या पाणी लागते, तेवढे तरी गोडे वापरावे. आरओ फिल्टरचे पाणी किंवा पावसाळ्यात पागोळीचे पाणी सर्वांत चांगले. तेही नसेल तर बोअरचे पाणी उकळून गार करावे. त्यातल्या जडपणाचा काही भाग पांढरा थर होऊन तळाशी बसतो, वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे. साबणही दुप्पट घ्यावा आणि ब्रशमध्ये पाणी थेंबाथेंबाने वाढवावे.

आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर असताना दाढी करायची तर सकाळी सातच्या आत, पंखा बंद करून. पंख्याखाली फेस एका मिनिटात वाळतो आणि वाळलेल्या फेसावर वस्तरा म्हणजे कोरड्या पाटीवर खडू. चेहऱ्याचा एकेक भागच फेसावा, तो काढून झाला की पुढचा. त्याआधी दोन-तीन मिनिटे ओला रुमाल चेहऱ्यावर ठेवला तर केस पाणी पिऊन मऊ होतात. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी पाणी तापवायचीही गरज पडत नाही, टाकीचेच पुरेसे गरम असते.

उत्तर ४ : धुळेकर निवृत्त

औषधवाल्या भाऊंचा क्रम माझ्यापेक्षा बरा आहे, हे मान्य करतो. मी थेट वस्तऱ्याने शिकलो खरा, परंतु पहिल्या दोन महिन्यांत कार्यालयात लोक मला घरी सर्व ठीक आहे ना, असे विचारीत असत.

एक भर घालतो. बाजारात ऑनलाइन मिळणारे अतिस्वस्त ‘पारंपरिक वस्तरे’ मोहात पडून घेऊ नयेत. मी एक मागवला होता. पाते सपाट पट्टीचे, पोलाद मऊ, आणि चार दिवस दगडावर घासूनही हाताच्या केसांवर चालेना. नवशिक्याला अशा वेळी वाटते की आपलाच हात वाईट आहे. आबांचा जुना वस्तरा, धारेलगत गंज नसेल तर, त्यापेक्षा कितीतरी चांगला. वापरून झाला की धुऊन, मऊ फडक्याने पुसून, अर्धा तास उघडा ठेवून मगच मुठीत मिटावा. न्हाणीघरात ठेवू नये. पावसाळ्यात पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पसरावा; शेंगदाण्याचे तेल लावू नये, ते कालांतराने चिकट होते.

पुन्हा : चोपड्याचा गणित मास्तर

आपणा सर्वांचे आभार. ऑगस्ट संपत आला, तेव्हा काय घडले ते कळवणे माझे कर्तव्य आहे. औषधवाल्या भाऊंच्या सांगण्याप्रमाणे सहा आठवडे सेफ्टी रेझर वापरला. गळ्याच्या डाव्या बाजूला माझे केस कानाच्या दिशेने आडवे वाढतात, हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी समजले. दिशा सांभाळू लागल्यापासून पुटकुळ्या जवळजवळ थांबल्या आहेत, त्यामुळे खरे तर माझे काम तेथेच झाले होते.

तरीही आबांच्या वस्तऱ्याचा मोह सुटेना. कापसाच्या बोळ्याची परीक्षा तो उत्तीर्ण झाला. पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांनी त्याला धार लावून दिली आणि सोबत चिठ्ठी पाठवली की पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजलेली आहे, त्यामुळे धार सरळ दिसली तरी धारेलगतचे दोन्ही बाजूंचे घासलेले पट्टे सारख्या रुंदीचे दिसणार नाहीत. काळजी करू नये. आबा दगडावर एका बाजूला जोर जास्त देत असावेत.

मधल्या काळात सलूनवाल्या दादांचे ऐकून अकरा फुगे फोडले; मुलांनी बाराव्याला हात लावू दिला नाही. चामड्याचा पट्टा दुसऱ्याच दिवशी कापला, उलटताना. आता त्यावर बोटभर लांबीची चीर आहे आणि मी तिच्या अलीकडेच थांबतो. पहिल्या दिवशी फक्त उजवा गाल, चौथ्या दिवशी दोन्ही गाल, आणि आता गळ्याचा वरचा भाग. कानाच्या पाळीखाली एकदा कापले, आणि ते नेमके पाते लांबीच्या दिशेने सरकल्यामुळेच. तुरटीने रक्त थांबले. ती लावताना जेथे जेथे झोंबते तेथे आपण जास्त खरवडले असे समजावे, ही गोष्ट तेव्हा लक्षात आली. आता दाढी झाल्यावर मी तुरटीलाच तपासनीस नेमले आहे. हनुवटी आणि मिशीची जागा अजून सेफ्टी रेझरनेच काढतो. हनुवटीच्या गोलाईवर पाते कसे धरावे ते जमत नाही. तेथे कातडी कशी ताणावी?

उत्तर ५ : शहाद्याचा सलूनवाला

मास्तर, खालचा ओठ दातांवर आत ओढून घ्या, म्हणजे हनुवटी आपोआप सपाट होते; मग मधोमध न जाता एका बाजूने सुरुवात करा आणि पात्याचा फक्त टोकाकडचा तिसरा हिस्सा वापरा. तेथले केस सर्वांत राठ असतात, म्हणून फेस तेथे सर्वांत आधी लावावा आणि ती जागा सर्वांत शेवटी काढावी. मिशीच्या जागेसाठी नाकाचा शेंडा बोटाने वर उचलावा. पण आताच घाई नको. गळ्याचा खालचा भाग आधी पूर्ण बसू द्या, हनुवटीचे दिवाळीनंतर पाहू.